दोघांपैकी गरजू कोण

लिफ्टमामांना आयुष्यात फारसे प्रश्न पडले नाहीत. पडायला वेळच नव्हता. कचेऱ्यांच्या त्या सात मजली इमारतीत सकाळी लिफ्टची जाळी सरकवायची, माणसं आत घ्यायची, जाळी ओढायची, दांडा फिरवायचा आणि ज्याला जिथे जायचं असेल तिथे सोडायचं. वर जाणारा वर, खाली येणारा खाली. इतका सरळ कारभार ज्या माणसाने जन्मभर केला, त्याच्या डोक्याचा म्हातारपणी एका परोपकारी संस्थेने पार भुगा केला. आणि गंमत अशी की संस्थेची त्यात काही चूक नव्हती. निदान संस्थेचं तसं म्हणणं होतं.

मामा दिसायला उंच, मानेपाशी किंचित वाकलेले, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. लिफ्टमध्ये त्यांच्यासाठी स्टूल होतं, पण त्यावर त्यांचा जेवणाचा डबा बसायचा, मामा कधीच बसले नाहीत. बोलायची त्यांना भारी हौस. मात्र बोलणं सात मजल्यांत बसेल तेवढंच. तळाला "काय साहेब, मुलीचा निकाल लागला?" असं सुरू व्हायचं, तिसऱ्यावर निकाल कळायचा, पाचव्यावर पुढच्या शिक्षणाची चर्चा आणि सातव्यावर "बरंय, येतो." त्यामुळे हजारो माणसं ओळखीची आणि एकाशीही गप्पा पुऱ्या नाहीत. त्यांची बायको होती तेव्हा म्हणायची, "तुम्ही बोलायला लागलात की मला भीती वाटते, आता दार उघडणार आणि कुणीतरी उतरून जाणार." ती स्वतःच एक दिवस अशी उतरून गेली. त्यावरही मामा फार काही बोलले नाहीत.

मग इमारतीत बटणांची लिफ्ट आली. मालकांनी मामांना घड्याळ दिलं, हार घातला, फोटो काढला आणि घरी पाठवलं. सगळं रीतसर झालं. अन्याय झाला म्हणून ओरडावं तर तीही सोय नाही.

घरी मुलगा आणि सून. मुलगा औषधांच्या दुकानांना माल पुरवण्याच्या कामावर, सकाळी जो बाहेर पडायचा तो दिवेलागणीनंतरच उगवायचा. सून घरूनच काम करायची. कुठल्याशा कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या आणि गोड बोलून शांत करायच्या, हे तिचं काम. बाहेरच्या खोलीत टेबल, त्यावर संगणक, कानांवर हेडफोन. घरात आवाज होऊन चालत नसे. टीव्ही बंद. कुकरसुद्धा ती दुपारच्या सुट्टीत लावायची. मामा मग दाराजवळच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहायचे. बसा म्हटलं तर बसायचे, पण पाच मिनिटांत पुन्हा उभे. बेल वाजली की सुनेच्या आधी यांचा हात कडीवर. पार्सलवाल्याला आत घेऊन हे कुजबुजत विचारणार, "काय, कितव्या मजल्यावरून आलास? आईची तब्येत कशी आहे?" पार्सलवाला एकदा सही घ्यायची विसरून पळाला.

अशात एक दिवस सुनेने त्या संस्थेला फोन केला. काय बोलली ते मामांना माहीत नव्हतं. त्यांना तिने इतकंच सांगितलं, "बाबा, एक संस्था आहे. चांगली माणसं आहेत. तुम्ही जाऊन तर या."

संस्था म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली टायरचा वास, वर चहाचा. एका निवृत्त नर्सबाईंनी ती काढली होती, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. एकट्यादुकट्या माणसाला दुसऱ्या माणसाशी जोडून द्यायचं, एवढंच संस्थेचं काम. आंधळे, पांगळे, तुरुंगातून सुटून आलेले, परक्या गावातून आलेले, जे कुणाच्या खिजगणतीत नाहीत त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा कुणीतरी जायचं. मोठ्या बाईंचा एक हट्ट मात्र होता. जोडी जुळली की दोघांनाही 'सोबती' म्हणायचं. मदत करणारा कोण आणि मदत घेणारा कोण, हे कुठेही लिहायचं नाही. "लिहिलंत की एक जण खुर्चीवर बसतो आणि दुसरा जमिनीवर," असं त्या म्हणत. विचार थोर होता, यात वादच नाही. पण थोर विचारांची एक खोड असते, ते ज्याच्या डोक्यातून निघतात त्यालाच नीट समजतात. मोठ्या बाई वारल्या आणि त्यांच्या हाताखालच्या ताईही वर्षभरात लग्न होऊन गेल्या, तेव्हा कोण कुणासाठी आहे हे सांगायला कुणी उरलंच नाही.

त्या जुन्या ताईंनी मामांना विचारलं होतं, "एक गृहस्थ आहेत. वेताच्या खुर्च्या विणतात. दिसत नाही त्यांना. एकटेच राहतात. दर मंगळवारी त्यांच्याकडे जाल?"

मामांची छाती दोन इंच फुगली. म्हणजे आपण अजून कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत. त्या दिवशी घरी येताना त्यांनी कोपऱ्यावरच्या न्हाव्याला सांगितलं, वाण्याला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या वकिलाला जिन्यात गाठून सांगितलं, "समाजसेवा सुरू केलीय. एक आंधळा माणूस आहे बिचारा."

तो बिचारा माणूस पहिल्या मंगळवारी मामांना चांगला धडधाकट भेटला. वयाने मामांपेक्षा थोडा लहान, रुंद पंजा, दाट मिशी. सगळा मोहल्ला त्याला खुर्चीवाले म्हणायचा. त्याची खोली तळमजल्यावर, दार सरळ रस्त्यावर उघडणारं. आत मोडक्या खुर्च्यांचे सांगाडे एकावर एक, पाण्याच्या पसरट टबात भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या, आणि ओल्या गवतासारखा एक वास. खुर्चीवाले मांडीत खुर्चीचा सांगाडा घेऊन भोकांतून पट्टी ओवत होते. ताणली की भोकात लाकडाची बारीक खुंटी ठोकायचे, म्हणजे पट्टी ढिली पडत नसे.

"या मामा," ते म्हणाले. "बसा. समोर बुटकं स्टूल आहे. त्याच्यावरच बसा, दुसरं काही अजून विणून झालेलं नाही."

मामांचे गुडघे त्या स्टुलाच्या लायकीचे नव्हते. तरी बसले. सेवा म्हटल्यावर सोसायला नको?

सुरुवातीला फार अवघड गेलं. मामा चार वाक्यं बोलायचे आणि गप्प व्हायचे, दार उघडायची वाट बघत असल्यासारखे. दार उघडत नसे. खुर्चीवाले पट्टी ओवत म्हणायचे, "हं, मग?" आता हे 'मग' मामांना आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मुलीचा निकाल लागला, मग? मग ती कुठे शिकली, मग तिचं काय झालं, तिचे वडील पुढे सातव्या मजल्यावरून कुठे गेले? मामांना माहीतच नव्हतं. ते ओशाळायचे. मग हळूहळू जे माहीत होतं ते सांगू लागले. बायकोचं आजारपण सांगितलं. ते सांगायला अख्खी दुपार लागली, आणि संध्याकाळी घरी जाताना मामांच्या लक्षात आलं की आपल्याला इतकं सगळं आठवत होतं.

पण त्यांच्या मते हा काही त्यांचा फायदा नव्हता, ही खुर्चीवाल्यांची करमणूक होती. खरी सेवा वेगळीच. खुर्चीवाल्यांना कोपऱ्यावरच्या लाकडाच्या वखारीत जायचं असे, तेव्हा मामा त्यांचा दंड घट्ट पकडून, दोन्ही बाजूंना हात दाखवत, "थांबा हं, आता चला, हं, आता थांबा," करत रस्ता ओलांडून द्यायचे. खुर्चीवाले मुकाट्याने चालायचे. उलट कधी कधी खुर्चीवाले मामांना विणायला शिकवायचे. उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, मग तिरप्या. मामांची बोटं सोलवटून निघायची, पाठीचा कणा कडकड वाजायचा. मामांना वाटे, या माणसाला शिकवायला कुणी मिळालं नाही बिचाऱ्याला, शिकवू दे. आपलं काय जातंय.

असं वर्षभर चाललं. आणि मग नव्या ताई मामांच्या घरी आल्या.

नव्या ताई म्हणजे तरतरीत मुलगी, बोलण्यात घाई, खांद्याला पिशवी. सुनेने कानावरचे हेडफोन काढले आणि चहा टाकला. ताई खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाल्या, "मामा, वर्ष झालं. आता आम्ही सगळ्यांना भेटून विचारतोय. खुर्चीवाल्यांची सोबत तुम्हाला अजून हवी आहे का?"

मामा म्हणाले, "ताई, तुम्ही घर चुकलात. हे त्यांना विचारायचं."

"त्यांना कशाला?"

"म्हणजे? त्यांना दिसत नाही."

"ते माहीत आहे मला," ताई म्हणाल्या. "पण ते आमचे जुने कार्यकर्ते आहेत ना? तुमच्या आधी दोन माणसांना त्यांनी..." आणि मग त्या मध्येच थांबल्या. "म्हणजे, असं मला कुणीतरी सांगितलं. थांबा. तुम्ही कार्यकर्ते आहात का?"

"मग काय गरजू आहे?" मामा ओरडलेच.

आत चहाचं भांडं खाली पडल्याचा आवाज झाला. सुनेच्या हातून सहसा भांडी पडत नाहीत.

ताई गडबडल्या. पण त्यांनी आपला मुद्दा सोडला नाही. संस्थेत आता नवा नियम झाला होता. मोठ्या बाईंचा 'काही लिहायचं नाही' हा कारभार पुढे चालण्यासारखा नव्हता, कारण सोबतीसाठी ताटकळलेली माणसं फार आणि जाणारी थोडी. तेव्हा दर जोडीला वर्षाने विचारायचं. दोघांपैकी एकाने जरी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, 'मला गरज आहे', तर जोडी कायम. नाहीतर दोघं मोकळे, आणि दोघांनाही नव्या ठिकाणी पाठवायचं. "एक बाई आहेत," ताई म्हणाल्या, "अंथरुणाला खिळलेल्या. दाराबाहेरचं माणूस त्यांच्याशी कितीतरी महिन्यांत बोललेलं नाही. मी त्यांना काय सांगू, सांगा." पुढच्या आठवड्यात दोघांनी संस्थेच्या कचेरीत यावं, असं ठरवून त्या गेल्या. चहा तसाच राहिला.

मामा भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दुसऱ्याने जरी सांगितलं तरी चालेल, हे त्यांना कळलं. दुसरा सांगणार नाही, हेही कळलं. पण आपण कोण, हे काही कळेना. वर्षभर ज्याला सेवा समजलो ती सेवा कुणी कुणाची केली?

सून आत भांडी घासत होती. घासलेलीच पुन्हा घासत होती.

"तू त्या संस्थेला फोन करून काय सांगितलं होतंस?"

"काही नाही बाबा. तुमच्याकडे वेळ आहे म्हणून सांगितलं."

"वेळ आहे म्हणून सांगितलंस की वेळ जात नाही म्हणून?"

"त्यात काय फरक आहे?"

"फरक नसता तर तुझ्या हातून भांडं पडलं नसतं."

सुनेने नळ बंद केला. ती चिडली तर आवाज चढवत नसे, उलट ग्राहकांशी बोलते तशी गोड व्हायची. पण या वेळी तेही जमलं नाही. "मी सांगितलं की आमचे बाबा दिवसभर दाराशी उभे असतात, मी कामावर असते, मला मान वळवून बघताही येत नाही, आणि मला ते बघवत नाही. असं सांगितलं. बोला आता."

रात्री मामांनी मुलाला विचारलं, तर तो जेवता जेवता म्हणाला, "बाबा, तुम्ही जाता, तुम्हाला बरं वाटतं, विषय संपला. उगाच कशाला खोलात शिरायचं?" पोरगं बापावर गेलं होतं. सातव्या मजल्याच्या पुढचं बोलणं त्यालाही नको होतं.

मंगळवारी मामा खुर्चीवाल्यांकडे गेले. स्टुलावर बसले नाहीत. "त्या जुन्या ताईंनी तुम्हाला माझ्याबद्दल काय सांगितलं होतं?"

"काही विशेष नाही," खुर्चीवाले म्हणाले. बोटं पट्टीवर चालूच.

"काहीतरी सांगितलं असेलच ना."

"एक गृहस्थ आहेत, निवृत्त झालेत, मंगळवारी तुमच्याकडे आले तर चालेल का, असं विचारलं. मी म्हटलं, चालेल."

"म्हणजे मी गरजू?"

"असं ती नाही म्हणाली."

"पण तुम्ही तसं समजलात!"

खुर्चीवाल्यांनी पट्टी ठेवली. "मामा, तुम्ही पहिल्या दिवशी आलात आणि चार वाक्यं बोलून गप्प बसलात. मी काय समजायचं?"

"मी तुमच्यासाठी येत होतो! तुम्हाला रस्ता कोण ओलांडून देतं?"

आणि खुर्चीवाले हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "अहो, तो रस्ता मी तुमच्या आधी जन्मभर ओलांडलाय. वखारीत दिवसाआड जातो. तुम्ही दंड धरला की उलट माझा अंदाज चुकतो. एकदा तर तुम्ही मला फुटपाथच्या कडेवर आपटवलंत."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला बरं वाटत होतं."

मामांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. वर्षभर हा माणूस त्यांचं मन राखायला लहान मुलासारखा हात धरून घेत होता! त्यांनी हाताशी आलेलं एकमेव हत्यार उपसलं. "आणि मी? मला काय खुर्च्या विणायची हौस होती? गुडघे फुटले माझे त्या स्टुलावर. बोटं बघा. नाही, तुम्ही कसली बघताय. तुम्हाला शिकवायला कुणी नाही म्हणून बसत होतो मी!"

आता खुर्चीवाल्यांचा चेहरा उतरला. "तुम्हाला विणायला आवडत नाही?"

"बिलकूल नाही."

"मी तुमच्यासाठी सोप्या खुर्च्या राखून ठेवत होतो. मिळालेलं काम लांबणीवर टाकून."

दोन म्हाताऱ्यांनी वर्षभर एकमेकांवर एवढे उपकार केले होते आणि एकालाही त्यातलं काही नको होतं. यावर कुणीतरी हसायला हवं होतं, पण दोघेही हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

शेवटी मामांनी मूळ गोष्ट काढली. कचेरीत एकाने तरी सांगायला हवं, नाहीतर मंगळवार बंद. त्यांना वाटलं, आता हा म्हणेल, ठीक आहे, मी सांगतो.

खुर्चीवाले म्हणाले, "माझ्या तोंडून ते निघणार नाही. आधीच सांगून ठेवतो. लहानपणापासून लोक मला हाताला धरून मला जायचं नसेल तिथे पोचवत आलेत. देवळाच्या पायरीवर, सरकारी दवाखान्यात, एकदा तर भलत्याच वरातीत. मला मदत नको म्हणून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. आता म्हातारपणी उठून मला गरज आहे म्हणू? जमणार नाही."

"मलाही जमणार नाही," मामा म्हणाले, आणि निघून आले. रस्त्यात त्यांना इतका राग आला होता की न्हाव्याच्या दुकानावरून जाताना त्यांनी मान खाली घातली. न्हावी आतून ओरडला, "काय मामा, समाजसेवा कशी काय?" मामांनी चाल वाढवली.

कचेरीत सून बरोबर आली. तिने त्यासाठी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. खुर्चीवाले आधीच येऊन बसले होते, काठी दोन पायांत धरून. ताईंनी तिघांपुढे पाण्याचे पेले ठेवले.

"सांगा," ताई म्हणाल्या.

"त्यांना विचारा," मामा म्हणाले.

"त्यांनाच विचारा," खुर्चीवाले म्हणाले.

"तसं नाही चालत. आपलं आपण सांगायचं. मामा, तुम्हाला गरज आहे?"

मामांनी मान हलवली. ती नाही अशी हलली की नुसती हलली, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. खुर्चीवाल्यांनी "मला नाही" असं स्पष्ट सांगितलं.

ताईंचा चेहरा खुलला. त्यांना खरोखरच आनंद झाला. "मग तर छानच! म्हणजे दोघंही कार्यकर्ते. अशी माणसं आम्हाला शोधून सापडत नाहीत. खुर्चीवाले, तुम्हाला मी एका मुलाकडे पाठवते, त्याची नजर नुकतीच गेलीय. मामा, तुम्ही त्या अंथरुणावरच्या बाईंकडे. आणि तुमची ही जोडी..." त्यांनी हात झटकून दाखवलं, खुर्चीवाल्यांना ते दिसत नाही हे विसरून. "संपली. अभिनंदन."

अभिनंदन! मामांनी आयुष्यात एक अभिनंदन ऐकलं होतं, निवृत्तीच्या दिवशी, गळ्यात हार असताना. त्यांचं डोकं गरगरायला लागलं. आपल्याला गरज नाही. घर आहे, मुलगा आहे, सून सुट्टी काढून बरोबर येते. दोन वेळा ताट समोर येतं. अशा माणसाने 'मला गरज आहे' म्हणायचं म्हणजे घरच्यांच्या तोंडाला काळं फासायचं. शेजारी सून बसलीय, तिच्यासमोर. न्हाव्याला काय सांगायचं? वकिलाला काय सांगायचं? आणि हा समोरचा माणूस, मिशीवाला, अडेलतट्टू, मला फुटपाथवर आपटू देणारा, छे, मीच त्याला आपटवलं. त्यांना काही सुचेना. फक्त पुढचा मंगळवार डोळ्यांपुढे आला. दुपारी जेवण झालंय, सुनेच्या कानावर हेडफोन आहेत, आणि आपण दाराजवळ उभे आहोत. आणि 'हं, मग?' म्हणणारं कुणी नाही.

"मला," मामा म्हणाले.

"काय?" ताई म्हणाल्या.

"मला गरज आहे. मला हे हवेत. मंगळवारी."

मामा सुनेकडे न बघता भराभरा बोलायला लागले. "घरात सगळं आहे, ताई. कुणी काही कमी केलेलं नाही. ही माझी सून, लेक असती तर तिनेही एवढं केलं नसतं. तिचा काही दोष नाही, मुलाचाही नाही. तरी मी एकटा आहे. आता का आहे, ते मला विचारू नका, मलाच कळत नाही."

सुनेने पदराने नाही, हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले आणि मामांचा पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

ताईंनी मान डोलावली. "ठीक आहे. मग जोडी कायम. तुम्ही गरजू, हे कार्यकर्ते."

"आणि त्या अंथरुणावरच्या बाईंकडे मी बुधवारी जाईन," मामा म्हणाले.

"अहो, पण तुम्ही गरजू ना?"

"मंगळवारी."

"मग बुधवारी कोण?"

"ते तुम्ही ठरवा," मामा म्हणाले. "माझं डोकं चालेनासं झालंय." ताईंनी एकदा मामांकडे, एकदा खुर्चीवाल्यांकडे बघितलं, पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. मोठ्या बाई असत्या तर त्या पोट धरून हसल्या असत्या.

सून चपला घालायला मागे राहिली. जिन्यात खुर्चीवाले कठड्याला हात लावून पुढे आणि मामा मागे. या वेळी मामांनी त्यांचा दंड धरला नाही. मधल्या वळणावर खुर्चीवाले अचानक थांबले आणि मागे वळले. चेहरा रागाने लाल झाला होता.

"खोटं बोललात ना?"

"काय?"

"माझ्यासाठी खोटं बोललात. मला सांगवणार नाही म्हणून तुम्ही सांगितलंत. उपकार केलात माझ्यावर. मला चालणार नाही ते, मामा, सांगून ठेवतो."

मामांना एकदम वाट मोकळी झाल्यासारखी वाटली. हो म्हटलं की झालं. हो, तुमच्यासाठीच बोललो. न्हाव्यापाशी, वकिलापाशी, स्वतःपाशी मान पुन्हा ताठ. सुनेलाही तेच सांगता येईल, बिचाऱ्याचं मन राखलं म्हणून. शब्द ओठांवर आला होता. वरून सुनेच्या चपलांचा आवाज येत होता.

"नाही," मामा म्हणाले. "खरं बोललो. अगदी खरं."

खुर्चीवाले तसेच उभे राहिले. राग चेहऱ्यावरून गेला, पण त्याच्या जागी काय आलं ते मामांना ओळखता येईना. बराच वेळ ते काठीची मूठ चाचपत होते.

"बरं झालं तुम्ही बोललात," ते शेवटी अगदी हळू म्हणाले. "मला नसतं जमलं. आणि मंगळवारी मी काय केलं असतं, मामा?"